गार वूड : वेगाच्या वेडाला शिस्त लावणारा यंत्रकसबी

20 सप्टेंबर 1932 रोजी मिशिगन राज्यातील अल्गोनॅक गावाजवळ सेंट क्लेअर नदीच्या पात्रावर 38 फूट लांबीची एक नौका धावली. तिच्या पोटात पॅकार्ड कंपनीची चार विमान-इंजिने होती आणि एकूण 48 सिलिंडर एकाच वेळी धडधडत होते. सुकाणूवर बसलेले केस पिकू लागलेले गृहस्थ 51 वर्षांचे होते. मोजणी झाली तेव्हा दोन्ही दिशांच्या फेऱ्यांचा सरासरी वेग ताशी 124.86 मैल, म्हणजे सुमारे 201 किलोमीटर भरला. पाण्यावर तोवर कोणीही इतक्या वेगाने गेलेले नव्हते. नौकेचे नाव होते मिस अमेरिका दहावी आणि सुकाणूवरचे गृहस्थ होते गारफील्ड आर्थर वूड, म्हणजेच साऱ्या अमेरिकेला ठाऊक असलेले गार वूड.

डेट्रॉईटच्या परिसरात मोटार उद्योगाच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या रविवारच्या फेरफटक्यात ही नदी आणि हे सरोवर येत असते. त्याच पाण्यावर एके काळी लाखोंची गर्दी जमत असे आणि ती या एका माणसाची नौका पाहायला येत असे, हे मात्र आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही. वूड यांचे नाव घेतले की अफाट अश्वशक्ती आठवते. परंतु त्यांच्या यशाचे मर्म अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाचा अचूक मेळ घालणाऱ्या कसबात अधिक होते.

नावाड्याचा मुलगा

गार वूड यांचा जन्म 4 डिसेंबर 1880 रोजी आयोवा राज्यातील मेपलटन येथे झाला. अवघ्या महिनाभरापूर्वी जेम्स गारफील्ड राष्ट्राध्यक्षपदी आणि चेस्टर आर्थर उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आले होते. त्या दोघांची नावे मुलाला मिळाली. पुढे कुटुंब मिनेसोटात गेले. तेथे ओसाकिस सरोवरावर वडील प्रवासी नौका चालवीत. भावंडे बरीच, मिळकत बेताची. एकदा प्रतिस्पर्ध्याच्या नौकेशी शर्यत लागली असता बाष्पकाला सरपण पुरेना, तेव्हा वडिलांनी नौकेवरचे सामानसुमानच भट्टीत घातले आणि शर्यत जिंकली, अशी आख्यायिका त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते. तिच्यात अतिशयोक्ती किती हे ठरविणे कठीण. पण इंधन आणि वेग यांचा संबंध या मुलाला बालपणीच उमगला, एवढे तिच्यातून निश्चित दिसते.

तरुणपणी त्यांनी हाताला येईल ते काम केले. यंत्रे दुरुस्त करण्यात हात बसला होता. 1911 च्या सुमारास कोळशाच्या ट्रकची हौदी मजूर हाताने फिरवून वर उचलताना त्यांनी पाहिले. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या नळकांड्याने हेच काम काही क्षणांत होईल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातून ट्रकची हौदी उचलणारी त्यांची हायड्रॉलिक यंत्रणा जन्मली. तिचे पेटंट झाले, कारखाना उभा राहिला, भाऊ कामात आले. आज बांधकामाच्या ठिकाणी माल ओतणारा जो ट्रक दिसतो, त्याच्या पूर्वजांत या यंत्रणेची गणना होते. तिने वूड यांना श्रीमंत केले आणि त्या श्रीमंतीने त्यांचा जुना छंद पुन्हा जागा केला.

1916 मध्ये डेट्रॉईटमधील नौकाशौकिनांच्या मंडळाला मिस डेट्रॉईट या शर्यतीच्या नौकेचे कर्ज फेडणे जड जात होते. वूड यांनी ती विकत घेतली. एवढ्यावर न थांबता अल्गोनॅक येथील कुशल नौकाबांधणीकार क्रिस स्मिथ यांच्या व्यवसायातही त्यांनी भागीदारी मिळविली. स्मिथ आणि त्यांचे मुलगे लाकडी सांगाडा बांधीत. यंत्राचा भाग वूड पाहत. 1917 पासून 1921 पर्यंत सलग पाच वर्षे अमेरिकेतील प्रतिष्ठेचा गोल्ड कप या जोडीकडे राहिला. अखेर आयोजकांनी नियमच बदलले आणि इंजिनांच्या आकारावर मर्यादा घातली. एका स्पर्धकाला आवरण्यासाठी नियम बदलावे लागले, हीच त्याच्या वर्चस्वाची पावती होती.

विमानाचे इंजिन पाण्यावर

या यशामागे एक धाडसी निर्णय होता. त्या काळी नौकेची इंजिने अवजड असत. वूड यांनी 1918 मध्ये मिस डेट्रॉईट तिसरी हिच्यात कर्टिस कंपनीचे विमान-इंजिन बसविले. विमानाचे इंजिन हलके असते, पण ते नौकेत टिकाव धरणार नाही, असे जाणकारांचे मत होते. ते मत त्या वर्षीच्या गोल्ड कपने खोटे ठरविले.

महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सरकारपाशी लिबर्टी इंजिनांचा प्रचंड साठा शिल्लक राहिला होता. 1917 मध्ये पॅकार्डचे जेसी व्हिन्सेंट आणि कॅलिफोर्नियाचे एल्बर्ट हॉल यांनी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात अवघ्या काही दिवसांत आराखडा केलेले हे इंजिन. बारा सिलिंडर, 27 लिटर क्षमता, सुमारे 400 अश्वशक्ती. अशी 20,000 हून अधिक इंजिने तयार झाली होती. वूड यांनी त्यांतील बरीच स्वस्तात घेतली आणि नौकेसाठी त्यांत फेरबदल केले.

लिबर्टीच्या दोन्ही सिलिंडर-रांगांमधल्या खोबणीत झेनिथ बनावटीचे दोन जोडकार्ब्युरेटर बसत. प्रत्येकाला दोन गळे, म्हणजे एकूण चार गळे, आणि प्रत्येक गळ्याकडे तीन सिलिंडरांची जबाबदारी. कार्ब्युरेटरचे तत्त्व सोपे आहे. आत ओढली जाणारी हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिचा दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे बारीक तोटीतून पेट्रोल खेचले जाऊन तुषाररूपाने तिच्यात मिसळते. शेजारच्या वाटीतील तरंगता गोळा पेट्रोलची पातळी कायम राखतो. अडचण अशी की साध्या तोटीतून वेग वाढेल तसे पेट्रोल प्रमाणाबाहेर येऊ लागते. लिऑनचे फ्रेंच अभियंते बावेरे यांनी तिच्या जोडीला दुसरी तोटी दिली. तिच्यातून ठरावीकच पेट्रोल येते, त्यामुळे हवा वाढेल तसा तिचा वाटा विरळ होत जातो. एकीचा अतिरेक दुसरीची उणीव भरून काढतो आणि मिश्रण बऱ्याच अंशी स्थिर राहते. झेनिथची कीर्ती याच कल्पनेवर उभी होती.

परंतु विमानासाठी बेतलेली ही सोय पाण्यावर जशीच्या तशी चालत नाही. विमान उंच जाते तसे हवा विरळ होते आणि पेट्रोल कमी करावे लागते. नौकेला तो प्रश्न नाही. तिच्यापुढे वेगळेच प्रश्न असतात. विमान एकदा उंची गाठली की इंजिनाला थोडी विश्रांती देते, मोटारीला उतार मिळतो. शर्यतीची नौका मात्र पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पाण्याचा भार ओढत असते. लाटेवरून ती उसळली की पंखा हवेत येतो, भार नाहीसा होतो आणि इंजिन बेफाम फिरू लागते. पुढच्याच क्षणी पंखा पाण्यात शिरतो आणि तोच भार हातोड्यासारखा आदळतो. वळणावर वाटीतील पेट्रोल एका कडेला जाते आणि तोट्या क्षणभर कोरड्या पडतात.

यात मिश्रणाचा तोल सांभाळणे हे कसबी माणसाचेच काम. वजनाच्या हिशेबाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल दिले तर ते पूर्ण जळते. सर्वाधिक शक्ती मात्र पेट्रोल त्याहून थोडे अधिक, म्हणजे साडेबारा ते तेरा भागांना एक असे दिल्यावर मिळते आणि जादा पेट्रोल सिलिंडरला थंडावाही देते. त्याहून दाट केले तर स्पार्क प्लग काजळतात आणि इंजिन अडखळते. विरळ केले तर ज्वलन तापते, व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनला भोके पडतात, कधी ज्वाळा उलट कार्ब्युरेटरमधून बाहेर पडते. लाकडी नौकेच्या तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. तिथवर अशी ज्वाळा पोहोचली तर काय होईल, हे सांगावयास नको. विरळ मिश्रणाचे इंजिन काही काळ मोठे तेज दाखविते आणि मगच फसविते, हाच त्यातला धोका.

आजच्यासारखी विद्युत्-मापके त्या काळी नव्हती. पूर्ण वेगाची फेरी मारायची, इंजिन एकदम बंद करायचे, प्लग काढून त्यांच्या टोकांचा रंग पाहायचा. काळाकुट्ट दिसला तर तोटी लहान करायची, पांढुरका दिसला तर मोठी. सकाळच्या गार हवेत बसविलेला मेळ दुपारच्या दमट उकाड्यात पुन्हा तपासायचा. शिवाय सगळ्या गळ्यांच्या झडपा एकाच क्षणी, एकसारख्या उघडल्या पाहिजेत. मिस अमेरिका दुसरी हिच्यात चार लिबर्टी इंजिने होती. मूळ मांडणी धरली तर एकंदर सोळा गळे झाले. त्यांतील एक जरी मागे राहिला, तरी त्याचे तीन सिलिंडर बाकीच्यांचे ओझे होऊन बसत.

हार्म्सवर्थ चषकाचे युद्ध

1920 मध्ये वूड आपली मिस अमेरिका ही नौका घेऊन इंग्लंडला गेले. 1903 साली सुरू झालेल्या हार्म्सवर्थ चषकाची ही लढत म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील सामना होता आणि नौका, तिचे इंजिन व चालक त्या त्या देशाचेच असावे लागत. आईल ऑफ वाईटजवळच्या समुद्रात, दोन लिबर्टी इंजिनांच्या बळावर, वूड यांनी ब्रिटिश नौकांना मागे टाकले आणि चषक अमेरिकेला नेला. पुढे तो परत नेण्यासाठी ब्रिटिश व फ्रेंच आव्हानवीर डेट्रॉईटला येत राहिले आणि रिकाम्या हाताने परतत राहिले.

1925 मध्ये त्यांनी बेबी गार या नौकेतून अल्बनी ते न्यूयॉर्क अशी हडसन नदीवर धाव घेतली आणि काठाने धावणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड या नामांकित रेल्वेगाडीच्या आधी न्यूयॉर्क गाठले. प्रसिद्धीच्या दृष्टीने ही युक्ती अजोड होती. यंत्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व त्याहून अधिक होते, कारण अल्पकाळ भडकणारे इंजिन आणि तासन् तास साथ देणारे इंजिन यांतील फरक या धावेने दाखवून दिला.

या सर्व काळात त्यांच्या शेजारी ऑर्लिन जॉन्सन हे यंत्रज्ञ बसत. वूड यांची नजर पाण्यावर, जॉन्सन यांची मापकांवर आणि कान इंजिनांवर. पत्नी मर्लेन यांनी दिलेली टेडी आणि ब्रुइन नावाची दोन खेळण्यातली अस्वले शुभशकुन म्हणून नौकेत बांधलेली असत. 1928 च्या उन्हाळ्यात मिस अमेरिका सहावी चाचणीच्या वेळी प्रचंड वेगात असताना फुटली आणि बुडाली. वूड थोडक्यात बचावले, जॉन्सन गंभीर जखमी झाले. नौका राहिली नाही; पण इंजिने नदीच्या तळातून वर काढण्यात आली, दुरुस्त झाली आणि सुमारे दोन आठवड्यांत उभारलेल्या मिस अमेरिका सातवी या नव्या सांगाड्यात बसविली गेली. तिनेच त्या वर्षीचा चषक राखला आणि ताशी 92.838 मैलांचा विक्रमही केला. गाळातून काढलेल्या यंत्राची एकेक तोटी, एकेक झडप साफ करून ती पुन्हा एका सुरात आणणारे हात कारखान्याच्या छपराखालीच राहिले. वृत्तपत्रांतील छायाचित्रांत ते आले नाहीत.

1929 मध्ये मायामी येथे ब्रिटनचे सर हेन्री सेग्रेव्ह यांनी वूड यांना हरविले. पुढच्या वर्षी, 13 जून 1930 रोजी, सेग्रेव्ह यांनी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरावर ताशी 98.76 मैलांचा विक्रम केला आणि त्याच दिवशीच्या पुढच्या फेरीत त्यांची नौका उलटली. त्यांचा आणि त्यांच्या यंत्रज्ञाचा मृत्यू झाला. शंभर मैलांची सीमा आता समोर दिसत होती आणि तिची किंमतही सर्वांना कळून चुकली होती. 20 मार्च 1931 रोजी वूड यांनी फ्लॉरिडात मिस अमेरिका नववी ताशी 102.256 मैल वेगाने चालविली. पाण्यावर शंभरी ओलांडणारे ते पहिले ठरले.

कीर्तीवरचा डाग

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डेट्रॉईट नदीच्या काठांवर लाखो लोक जमले. समोर होते केय डॉन आणि दुरुस्त केलेली मिस इंग्लंड दुसरी, म्हणजे सेग्रेव्ह यांचीच नौका. पहिली फेरी डॉन यांनी जिंकली. दुसऱ्या फेरीपूर्वी वूड यांच्या नौकेच्या पेट्रोलच्या टाकीत दोष आढळला. दुरुस्तीसाठी त्यांनी वेळ मागितला. तो मिळाला नाही. सुरुवातीच्या तोफेच्या आधीच वूड आणि दुसऱ्या अमेरिकी नौकेवरील त्यांचे भाऊ जॉर्ज यांनी रेषा ओलांडली. डॉन त्यांच्या मागोमाग सुटले आणि वळणावर त्यांची नौका उलटली. डॉन व त्यांचे सहकारी वाचले. दोन्ही अमेरिकी नौका त्या फेरीतून बाद झाल्या; पण तिसऱ्या फेरीत ब्रिटिश नौकाच नव्हती. जॉर्ज वूड यांनी एकट्याने अंतर पुरे केले आणि चषक अमेरिकेतच राहिला.

ब्रिटिश वृत्तपत्रांनी हा डाव होता असा आरोप केला. अमेरिकेतही अनेकांना तो पटला. वूड यांनी फसवणुकीचा आरोप मान्य केला नाही. घाई, राग की हिशेब, याचा निर्णय तेव्हाही झाला नाही आणि पुढेही होऊ शकला नाही. इतके मात्र खरे, की जो माणूस यंत्रातील बिघाड दूर केल्याशिवाय नौका सोडत नसे, त्याला त्या दिवशी वेळेने गाठले होते आणि त्या काही सेकंदांनी दहा वर्षांच्या निर्विवाद कीर्तीवर प्रश्नचिन्ह उमटविले.

त्याचे उत्तर मिस अमेरिका दहावीने दिले. पॅकार्डच्या चार इंजिनांची एकूण शक्ती सुमारे 6,400 अश्वशक्ती होती आणि दोन-दोन इंजिनांच्या जोड्या एकेक पंखा फिरवीत. या इंजिनांवर सुपरचार्जर होते. हवा पंप करून जास्त भरली की पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त द्यावे लागते आणि चुकीला वाव आणखी कमी होतो. 1932 च्या लढतीत डॉन यांच्या नव्या नौकेची इंजिने साथ देईनाशी झाली. वूड यांची अठ्ठेचाळीस सिलिंडरे अखेरपर्यंत धावली. 1933 मध्ये ह्यूबर्ट स्कॉट-पेन एकाच नेपियर इंजिनाची लहानशी, देखणी मिस ब्रिटन तिसरी घेऊन आले आणि त्यांनी चांगलीच टक्कर दिली. विजय वूड यांचा झाला, पण एका इंजिनाने चार इंजिनांचा इतका पाठलाग करावा, यात उद्याची चाहूल होती. 1937 मध्ये सर माल्कम कॅम्बेल यांनी एकाच रोल्स-रॉईस इंजिनावर ताशी 126.32 मैल वेग गाठून वूड यांचा विक्रम मोडला.

तोवर वूड शर्यतींतून निवृत्त झाले होते. 1933 नंतर ते हार्म्सवर्थच्या पाण्यावर उतरले नाहीत. त्यांच्या कंपनीने पुढे कचरा दाबून भरणारे ट्रक बनविले आणि अमेरिकेतील असंख्य गल्ल्यांत वूड यांचे नाव रोज सकाळी फिरू लागले. शर्यतीच्या नौकांतून मिळालेला अनुभव दुसऱ्या महायुद्धातील वेगवान गस्ती नौकांच्या जडणघडणीस उपयोगी पडला. उत्तरायुष्य त्यांनी फ्लॉरिडात नव्या नौकांचे प्रयोग करीत घालविले. 19 जून 1971 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी, मायामी येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी 1920 साली नेलेला चषक अमेरिकेच्या हातून 1959 मध्ये सुटला आणि तोही इंग्लंडऐवजी कॅनडाने मिळविला.

आता नौकेच्या नव्या इंजिनांत पेट्रोलचे माप संगणक ठरवितो. प्लगचा रंग पाहून तोटी बदलणारी पिढी जवळजवळ संपली आहे. जुन्या लाकडी नौका जिवापाड जपणारे शौकीन मात्र आजही उन्हाळ्याच्या सकाळी सेंट क्लेअरच्या काठी इंजिन सुरू करून, झडप किंचित फिरवून, डोळे मिटून तो सूर ऐकत उभे असतात. सूर बिघडला तर ते निघत नाहीत.